स्पायका प्लास्टरमधलं मूल घरी सांभाळताना

६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं तर बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही. भूल देऊन हाड जागेवर आणतात आणि पोटापासून पायापर्यंत स्पायका प्लास्टर घालतात. एक्स-रेत हाडाची टोकं थोडी एकमेकांवर चढलेली दिसली की आईबाप घाबरतात. पण या वयात मोडलेलं हाड जरा जास्तच वाढतं. दीड-दोन सेंटिमीटरचा फरक सहसा भरून निघतो.

वॉर्डात मला सगळ्यात जास्त शिकवावं लागतं ते डायपर. छोटा डायपर प्लास्टरच्या कडेच्या आत सगळीकडून नीट खोचायचा, त्यावर मोठा बाहेरून लावायचा. दर दोन तासांनी बघा, रात्रीसुद्धा उठा. लघवी एकदा आत मुरली की वास जाता जात नाही, कातडीही सोलवटते.

कूस दोन-तीन तासांनी बदला. प्लास्टरच्या दोन पायांना जोडणाऱ्या दांडीला धरून उचलू नका, ते हँडल नव्हे! खाज सुटली तर ड्रायरची गार हवा द्या. पट्टी, सुई काहीही आत घालायचं नाही.

पायाची बोटं निळी, गार किंवा सुजलेली दिसली, मूल ती हलवेना, उलट्या थांबेनात, तर लगेच दवाखाना गाठा. प्लास्टर साधारण ६ ते ८ आठवड्यांनी निघतं. त्यानंतर मूल काही आठवडे लंगडेल, लंगडू दे.