कोर आठ, पण राबतोय एकटाच? लॅपटॉप घ्यायच्या आधी हे बघा

पीसी स्लो झाला की लोक डायरेक्ट विचारतात, जास्त कोरवाला (कोर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग) घेऊ का. अरे थांबा, आधी आपलं काम किती कोर वापरतंय ते तर बघा.

विंडोजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जाऊन ग्राफवर राइट क्लिक करा आणि चेंज ग्राफ टू मधून लॉजिकल प्रोसेसर्स निवडा. एका ग्राफच्या जागी छोटे छोटे चौकोन येतील. आता तुमचं रोजचं जड काम चालू करा. जीपीयू (ग्राफिक्सची वेगळी चिप) न वापरता व्हिडिओ एक्सपोर्टला लावला तर सगळे चौकोन वरपर्यंत भरतात. पण एक्सेलचा जुना मॅक्रो (स्टेप्स आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) चालवा, 8 थ्रेडच्या (म्हणजे एका वेळी आठ कामं घेणाऱ्या, आठ चौकोनांच्या) मशीनवर एकूण सीपीयू 12-13 टक्क्यांवरच घुटमळतो, वाटतं मशीन निवांत आहे, पण खरं तर एकाच थ्रेडचा जीव चाललाय, वर विंडोज त्याला या कोरवरून त्या कोरवर हलवत राहतं म्हणून एकही चौकोन धड भरलेला दिसत नाही. असं असेल तर 16 कोर घेऊन पैसे पाण्यात. शेगड्या चार असल्या म्हणून कुकरची शिट्टी लवकर होत नाही. तिथे एका कोरचा स्पीड बघून घ्या.

मग कंपन्या कोर का वाढवत बसल्या? गरमीमुळे, एकाच कोरचा स्पीड वाढवत नेला की चिप फार तापते. 2004 ला इंटेलने 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 रद्द केला आणि 2005 ला इंटेल, एएमडी दोघांचे डेस्कटॉपसाठी ड्युअल कोर आले. चालू कोर जी वीज खातो ती साधारण व्होल्टेजचा वर्ग गुणिले स्पीड अशी असते. समजा दोन्ही पाव पाव कमी केले, तर एक कोर जेमतेम 42 टक्के वीज खातो, म्हणजे असे दोन लावले तर 84 टक्के विजेत दीडपट काम (काम वाटता येत असेल तरच हां).

हाच हिशोब घरी लावायचा तर पॉवर ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट 100 चं 99 करा, बऱ्याच लॅपटॉपवर टर्बो (गरज पडली की स्पीड आपोआप वाढवणं) बंद होतो आणि फॅनची घरघर थांबते. काहींवर हा ऑप्शनच दिसत नाही. मी ऑनलाइन मीटिंगला 99 ठेवतो, एक्सपोर्टला परत 100.