घरातली वस्तू पारखताना या चुका टाळा

वस्तू वापरणाऱ्याला सोयीची आहे का, हे तपासताना होणारी पहिली चूक मी स्वतः केली आहे. सांगलीत विश्रामबागला आमची आत्या राहते. संधिवाताने तिची बोटं वाकली आहेत. वही-पेन घेऊन मी विचारलं, "आत्या, तिखटाची बरणी उघडताना त्रास होतो का गं?"

"न्हाई रं, सवय झालीया."

मी लिहिलं : अडचण नाही. स्वयंपाक सुरू झाल्यावर बघतो तर तिने बरणी पोटाशी धरली, झाकणावर पदर गुंडाळला, तरी हलेना तेव्हा उलथन्याने कडेला दोन ठोके दिले. नंतर झाकण नुसतं वर टेकवून ठेवलं, फिरवलंच नाही. पावसाळ्यात तिखटाच्या गुठळ्या का होतात ते मला तेव्हा कळलं.

तेव्हा विचारण्याआधी बघा. पदर, ठोके, अर्धवट झाकण, सगळं टिपून घ्या. आणि 'हातात ताकद नाही' एवढं लिहून मोकळे होऊ नका. झाकण गुळगुळीत आणि हात तेलकट असले की पकड सुटते. झाकण फार लहान असेल तर फिरवायला जोर मिळत नाही, फार रुंद असेल तर बोटं पुरत नाहीत. दोष झाकणात शोधा.

दुसरी चूक सरासरीची. १९५०च्या सुमारास अमेरिकन हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. हवाई दलातले संशोधक गिल्बर्ट डॅनियल्स यांनी त्यातली दहा मापं निवडून पाहिलं, तर दहाही बाबतींत सरासरीत बसणारा एकही वैमानिक निघाला नाही. मग घरातल्या 'सरासरी' बाईसाठी फडताळ कसं बसवणार? हात पोचायचा असेल तिथे सगळ्यात बुटक्या माणसाचं माप धरा, अंग जायचं असेल तिथे सगळ्यात थोराडाचं.

ओट्याचंही तेच. भाजी चिरायला ओटा कोपराच्या साधारण १० ते १५ सेंमी खाली बरा. कणीक तिंबताना अंगाचा भार टाकावा लागतो, म्हणून त्याला आणखी खाली हवा. आमच्याकडे गवंडी सांगेल ती उंची, आणि मग पाटावर उभी राहणारी सासू!

डोळ्यांना पट्टी बांधून दहा मिनिटं फिरायचं आणि अंधांच्या अडचणी कळल्या म्हणायचं, हेही नको. त्यात कळतो तो आपला गोंधळ. रोज तसं जगणाऱ्याचं कसब त्यात दिसत नाही. त्यालाच सोबत घ्या. दुपारच्या उजेडात, कोरड्या हातांनी केलेली चाचणीही अशीच फसवी.

आत्याला मी रबरी कडेच्या झाकणाची नवी बरणी आणून दिली. तिने त्यात बेदाणे भरलेत. तिखट अजून जुन्याच बरणीत आहे. का, ते विचारलेलं नाही. रविवारी स्वयंपाकघरात बसून बघणार आहे.