भोंगा वाजलाच नाही

शेवटच्या वर्षी आमचा प्रोजेक्ट केळीच्या रायपनिंग चेंबरचा, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोलीचा होता. रावेरकडच्या एका शेठच्या चेंबरमध्ये सेन्सर बसवायचा आणि तापमान झपाट्याने चढायला लागलं की भोंगा वाजवायचा. दाखवायच्या दिवशी शेठनी मुद्दाम कूलिंग बंद केलं. बाहेर मे महिन्याचं ऊन. पारा चढत गेला, भोंगा ढिम्म. अमळनेरचा मित्र कानाशी आला, "काय व्हयनं रे?"

दुपारभर कोड चाळल्यावर कळलं. तापमानातला फरक भागिले वेळेतला फरक, असा वेग काढून आम्ही शेवटच्या दहा वेगांची बेरीज चालती ठेवली होती. नवा वेग मिळवायचा, जुना वजा करायचा. सकाळी दोन रीडिंग एकाच सेकंदात आली आणि खाली शून्य आलं. शून्याने भागलं की प्रोग्राम कोसळतो, अशी माझी समजूत. पूर्णांकांत बहुधा कोसळतोच. पण फ्लोटचा, म्हणजे दशांश संख्यांचा कारभार आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १९८५ च्या ७५४ मानकाप्रमाणे चालतो. तिथे शून्य नसलेल्या संख्येला शून्याने भागलं की इन्फिनिटी मिळते, खूण म्हणून आतल्या आत एक झेंडा वर होतो आणि काम पुढे चालू राहतं. (तेव्हा भोंगा उगाच वाजला होता. आम्ही वायर हलवून गप्प केला!) दहा रीडिंगनंतर तीच इन्फिनिटी बेरजेतून वजा झाली. इन्फिनिटी वजा इन्फिनिटी म्हणजे नॅन, "ही संख्याच नाही" अशी खूण. नॅनमध्ये काहीही मिळवा, नॅनच. तो कशाहून मोठा नाही, लहान नाही, स्वतःशीसुद्धा समान नाही. म्हणजे "वेग मर्यादेपेक्षा जास्त आहे का?" याचं उत्तर कायमचं "नाही".

पण म्हणून इन्फिनिटीलाच चूक समजू नका. समांतर रोधांचं सूत्र घ्या. एक रोध शून्य असला तर त्याचा व्यस्त इन्फिनिटी, बेरीजही इन्फिनिटी, तिचा व्यस्त शून्य. उत्तर बरोबर! हे मानक घडवण्यात विल्यम काहान यांचा मोठा वाटा, त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

ओव्हरफ्लो, म्हणजे संख्या मावेनाशी होणं, मात्र वेगळा. डबलची, म्हणजे ६४ बिटांच्या फ्लोटची कमाल साधारण १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात, म्हणून १७० चं फॅक्टोरियल (१ ते १७० चा गुणाकार) मावतं, १७१ चं नाही. खरी फसगत मधल्या पायरीवर होते. काटकोन त्रिकोणाचा १० च्या २०० व्या घाताएवढा कर्ण डबलमध्ये सहज बसतो, पण तो काढताना बाजूंचा वर्ग केला की इन्फिनिटी. त्यासाठी कर्ण काढणारं तयार हायपॉट फंक्शन वापरा, स्वतःचं लिहीत बसू नका. पायथॉनवाल्यांनो, तुमच्याकडे १.० भागिले ०.० ला थेट एरर येते, पण मोठ्या फ्लोट संख्यांचा गुणाकार मुकाट्याने इन्फिनिटी देतो. मुलाखतीत मला हेच विचारलं होतं.

आम्ही दोन बदल केले. वेळेचा फरक शून्य असेल तर ते रीडिंग सोडून द्यायचं. आणि अट उलटी लिहिली: वेग मर्यादेत असेल तरच गप्प, नाहीतर वाजव. आता नॅन आला तरी भोंगा वाजतो.