खाचरात मरळ राहू द्या, रोहूच्या तळ्यात नको

मृगाच्या पावसाने ओढे वाहू लागले की शहापूर, मुरबाड, भिवंडीकडच्या खाचरांत वलगण लागते. अंडी घालायला मासे उथळ पाण्याकडे चढतात. त्याच दिवसांत मरळही बांधाच्या कडेला येते. ठाणे जिल्ह्यातल्या भातशेतकऱ्याला ती हवी असते आणि शेततळ्यात रोहू-कटला पाळणाऱ्याला नको असते. दोघांनी करायची कामे म्हणूनच वेगळी आहेत.

मरळ पक्की शिकारी आहे. लहान मासे, बेडूक, झिंगे, पाणकिडे, सगळे खाते. ती पाण्यावर येऊन हवा घेते, त्यामुळे गढूळ, कुजक्या पाण्यातही तगते. उन्हाळ्यात ओल्या चिखलात दबून राहते.

जून ते ऑगस्टमध्ये कडेच्या गवतात ताटाएवढी गोल, मोकळी केलेली जागा दिसली आणि तिथे पिवळसर सोनेरी अंडी तरंगत असली, तर ते मरळीचे घरटे समजा. दीड-दोन दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पुढे ती लालसर केशरी होतात आणि गोळा करून फिरतात. वरून पाहिले तर पाण्याला बारीक उकळी फुटल्यासारखी दिसते. त्याच्या खाली राखण करणारी मरळ हमखास असते आणि ती गळाला चटकन लागते, कारण पिल्लांजवळ आलेल्या कशावरही ती झेपावते. नेमकी हीच मरळ धरू नका. राखणदार गेला की इतर मासे, चतुराच्या अळ्या आणि पाणदिवड अख्खा गोळा फस्त करतात. एका किलोच्या कालवणापायी पुढच्या वर्षीची शेकडो मरळ जाते. सुटीच्या दिवशी शहरातून गळ घेऊन येणाऱ्यांनाही हे सांगा. ओढ्यात सुरुंग किंवा विष वापरणे तर 1897 च्या मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे.

खाचराच्या सर्वांत सखल कोपऱ्यात 2 मीटर लांब-रुंद, 1 मीटर खोल खड्डा ठेवा. पावसाने ओढ दिली की मासे तिथे गोळा होतात. खोडकिड्यासाठी लावणीआधी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करा, त्यांवरची अंडी जातात. मग एकरी 8 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडणारे) लावा. फवारणी टळत नसेल तर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले औषध टाळा, माशांना ते फार घातक आहे. फवारल्यावर आठवडाभर मोरी उघडू नका. खेकड्यांसाठीचे विषारी आमिष बिळात खोल टाकून तोंड चिखलाने लिंपा. बांधावर उघडे ठेवलेले आमिष पहिल्याच सरीत खाचरात उतरते.

आता शेततळे. मोहाची पेंड (गुंठ्याला 1 मीटर खोल पाण्यात 25 किलो) मरळ काढायला चालते, पण ते मे महिन्याचे काम. बीज सोडायला त्यानंतर तीन आठवडे थांबावे लागते. पाऊस लागल्यावर पेंड टाकली तर सांडव्यातून विष ओढ्यात जाते आणि वलगणीचे मासे मरतात. ज्यांचे हे राहून गेले त्यांनी आता ओढप जाळे दोन-तीनदा फिरवावे आणि या वर्षी बारीक बीज न सोडता 10 सेंटीमीटरच्या पुढची बोटुकली सोडावी, गुंठ्याला 50. बारीक बीज म्हणजे मरळीला आयते जेवण.

पाणी घेताना पाइपच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीची दुहेरी पिशवी बांधा. ती रोज झटका. गाळाने तुंबली की फाटते आणि आठ दिवसांची मेहनत एका रात्रीत वाया जाते. बांधावरून दीड फूट उंच जाळी उभी करा, खालची कड मातीत गाडा. पावसाळी रात्री ओल्या गवतातून मरळ सरपटत पलीकडे जाते. प्लास्टिकचे अस्तर आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

थंडीत मरळ आणि खवल्या माशांच्या अंगावर लाल चट्टे, जखमा दिसल्या तर तो बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाचा रोग असू शकतो. त्या तळ्याचे पाणी, जाळे, बादली दुसऱ्या तळ्यात नेऊ नका. गुंठ्याला 2 किलो चुना भिजवून, थंड झाल्यावर सकाळी शिंपडा.