उललेल्या टाचांसाठी करडईचं तेल आणि लेसिथिन

सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी पडते आणि उघड्या चपलांतल्या टाचा उलतात. प्रत्येक जिवंत पेशीचं आवरण फॉस्फोलिपिडचं (फॉस्फरस असलेल्या स्निग्ध पदार्थाचं) असतं. त्वचेची पेशी वर सरकत मरते तेव्हा हे फॉस्फोलिपिड फुटून मेदाम्लं (स्निग्ध पदार्थांतली आम्लं) सुटतात. ती सेरामाइड (त्वचेतलाच एक स्निग्ध पदार्थ) आणि कोलेस्टेरॉलसोबत वरचा थर लिंपतात, शिवाय त्वचा किंचित आंबट ठेवतात. कपड्यांच्या साबणाने पाय घासले की हा आंबटपणा जातो आणि लिंपण उकलतं.

लेसिथिन म्हणजे मुख्यतः सोयाबीनमधली फॉस्फोलिपिडं. त्यांचं एक टोक पाणी धरतं, दुसरं तेल. घाण्याचं करडई तेल 100 मिली घ्या आणि वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. बोटाला सोसवेल इतकं तापलं की खायचं द्रव लेसिथिन 2 ग्रॅम (अर्धा छोटा चमचा) घालून ढवळा. वाटी पूर्ण कोरडी हवी. तेलात पाणी मिसळलं तर ते गढूळ होतं आणि खराबही होतं. लेसिथिन जास्त पडलं तर टाच चिकट होऊन धूळ धरते. करडई लवकर खवट होते, म्हणून गडद बाटलीत भरून महिन्याभरात संपवा. सोयाची अ‍ॅलर्जी असेल तर हे नकोच.

रात्री पाय 10 मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. वज्री फक्त जाड कडांवर, हलक्या हाताने. भेगेत खुपसली की रक्त येणारच. पाय टिपा, पण ओलसर राहू द्या, कारण धरून ठेवायला पाणीच नसेल तर लेसिथिन काय धरणार? टाचेला आठ-दहा थेंब चोळा, वर पेट्रोलियम जेली आणि सुती मोजे. मोज्यांशिवाय शहाबादी फरशीवर पाऊल टाकू नका, घसराल.

रक्ताळलेल्या भेगेला हे तेल लावू नका, नुसती पेट्रोलियम जेली लावा. मधुमेह असेल तर पाय भिजवणं आणि वज्री दोन्ही बंद, थेट डॉक्टर.

हे तेल तोंडात लावायचं नाही.