पिल्लू आणलंय? आधी द्राक्षं उचला

दिंडोरीच्या मेव्हण्याने मळ्यावरचं गावठी पिल्लू आणून दिलं, सोबत द्राक्षांची पेटी. पेटी मी जमिनीवरच ठेवली. तासाभराने खंड्या तिच्यात तोंड घालून उभा! नशीब, कागदच चघळत होता. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि एखाद्याला थोडीशीही बाधतात. म्हणून एक मणीसुद्धा नको. गिळलाच तर उलटीची वाट बघू नका, सरळ डॉक्टरकडे. हंगामात आपल्या नाशकात घरोघरी द्राक्षं, बेदाण्याचा डबा तर बारमाही, म्हणून हे आधी सांगितलं. कांदा, लसूण, चॉकलेटही बंद. म्हणजे आमटीत कुस्करलेली पोळीसुद्धा.

दुधाचा आमच्या हिचा फार आग्रह. दोन दिवस पाजलं, तिसऱ्या दिवशी जुलाब. 2 महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून 4 वेळा थोडं थोडं खायला द्या. पिल्लांचं तयार खाणं उत्तम, पोट बिघडलं तर मऊ भात आणि बिनमिठाची उकडलेली कोंबडी.

आता शी-शू. मी एसटीत कंडक्टर होतो, वेळापत्रक अंगात मुरलेलं. झोपून उठलं, खाल्लं, खेळून दमलं, की लगेच उचलायचं आणि ठरलेल्या जागी न्यायचं. एवढंसं पिल्लू जागेपणी फार तर दोनेक तास धरतं, रात्रीही एकदा उठावं लागतं. जागेवर केलं की तिथल्या तिथे खाऊ द्या. घरात येऊन दिलात तर तो कशाचा, हे त्याला कळत नाही. जुनी माणसं चुकल्यावर नाक घासायला सांगतात. मी एकदा घासलं. दुसऱ्या दिवसापासून खंड्या सोफ्यामागे लपून करायला लागला. माझीच चूक, निस्तरायला पंधरवडा गेला.

पण ही जागा रस्त्यावरची नको. लसी पूर्ण होईपर्यंत पार्व्होची, म्हणजे उलट्या-जुलाबाने पिल्लाचा जीव घेऊ शकणाऱ्या विषाणूची, भीती असते. 6 ते 8 आठवड्यांपासून दर 3-4 आठवड्यांनी डोस, साधारण 16 आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस 3 महिन्यांच्या सुमारास, आणि जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं. तोवर आमची गच्ची. मात्र पिल्लू घरात कोंडूनही ठेवू नका, याच वयात धीट होतं. मी त्याला कडेवर घेऊन पंचवटीत फिरायचो: रिक्षा, देवळातली घंटा, भाजीवाल्याची आरोळी. खाली मात्र सोडलं नाही.

चावतं? दात येतायत. ओरडू नका, हात काढा आणि पाठ फिरवा. ओलं करून, पीळ देऊन फ्रीजरमध्ये गार केलेलं फडकं चघळायला द्या.

हाक मारून कधी रागावू नका, पुन्हा यायचा नाही. मी जेवणाआधी ताटलीवर चमचा दोनदा वाजवतो. डबल बेल! आता गच्चीच्या दुसऱ्या टोकाला असला तरी धावत येतो.