डिस्क रोज आपोआप जोडली जावी म्हणून

देवगडला जामसंड्याच्या रस्त्यावर एका लहान डीटीपीच्या दुकानात मी कामाला लागले, तेव्हा लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) फक्त नावाने ठाऊक होतं. दुकानातल्या संगणकावर लिनक्स मिंट ही त्याचीच एक आवृत्ती होती. सिस्टीम एका छोट्या एसएसडीवर आणि कामाच्या सगळ्या फाइली १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर. लग्नपत्रिका आणि बॅनर वर्षभर चालायचे, पण खरा हंगाम आंब्याच्या पेट्यांच्या लेबलांचा. २०१८ साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुढे आमच्याकडे प्रत्येक बागायतदाराला आपल्या बागेच्या नावाचं वेगळं लेबल हवं झालं. म्हणजे ती डिस्क हेच दुकान होतं.

पहिल्याच आठवड्यात अडले. सकाळी संगणक सुरू करून इंकस्केप या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये कालचं लेबल उघडलं, तर आंब्याच्या फोटोच्या जागी लाल फुली. फोटो कुठेच गेला नव्हता. दुसरी डिस्क अजून माउंटच, म्हणजे सिस्टीमला जोडलेलीच नव्हती. फाइल मॅनेजरमध्ये डाव्या बाजूला तिचं नाव दिसतं, पण त्यावर क्लिक करेपर्यंत ती जोडली जात नाही. क्लिक केलं की ती मीडिया फोल्डरखाली, तुमच्या खात्याच्या नावाच्या फोल्डरात उघडते. उद्या दुसऱ्या कुणी आपल्या खात्यातून काम केलं तर तिचा पत्ताच बदलतो आणि लेबलातले फोटो पुन्हा तुटतात. म्हणून कामाच्या डिस्कला कायमची एक जागा हवी, आणि संगणक सुरू होतानाच ती तिथे हजर हवी.

हे ठरतं एका साध्या मजकुराच्या फाइलीत. ईटीसी फोल्डरातली एफएसटॅब. (आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची.) जीनोमच्या डिस्क्स या प्रोग्राममधूनही हेच करता येतं, तो तुमच्या वतीने याच फाइलीत ओळ घालतो. तरी नवीन माणसाने एकदा ही ओळ हाताने लिहावी असं माझं मत आहे. बिघाड होईल त्या दिवशी समोर खिडक्या नसतात, फक्त ही फाइल असते.

एका डिस्कला एक ओळ, ओळीत सहा रकाने. पहिल्यात डिस्कची ओळख. इथे एसडीए१, एसडीबी१ अशी नावं लिहू नका. संगणकाला डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यावर ती ठरतात, एखादा पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला तरी बदलू शकतात. त्याऐवजी यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा (डिस्कच्या त्या भागाचा) स्वतःचा ओळख क्रमांक लिहा; यूयूआयडी हा शब्द मात्र मोठ्या अक्षरांत. ‘एलएसबीएलके -एफ’ ही आज्ञा दिली की प्रत्येक पार्टिशनचा यूयूआयडी दिसतो. पार्टिशन फॉरमॅट केलं की तो बदलतो, हेही ध्यानात असू द्या. दुसऱ्या रकान्यात डिस्क जिथे उघडायची तो फोल्डर. आम्ही एमएनटीखाली ‘काम’ नावाचा फोल्डर आधी तयार करून घेतला होता. तिसऱ्यात फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, आमची एक्स्ट४. चौथ्यात पर्याय. पाचव्यात ०. सहावा रकाना सुरुवातीच्या तपासणीचा क्रम सांगतो: मूळ सिस्टीमला १, बाकी लिनक्स पार्टिशनना २, विंडोजच्या एनटीएफएसला ०.

एनटीएफएसबद्दल दोनच गोष्टी. तिथे पर्यायांत आपला यूआयडी (लिनक्समधल्या आपल्या खात्याचा क्रमांक), बहुधा १०००, द्यावा लागतो, नाहीतर मालकीची अडचण येते. आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद ठेवा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, मग लिनक्स ते पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडतं किंवा उघडतच नाही.

फाइलीला हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवा. बदल केल्यावर ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा, मग ‘सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ (सुडो म्हणजे आज्ञा पूर्ण अधिकाराने चालवणं), मग ‘सुडो माउंट -ए’. काही न बोलता आज्ञा संपली की ओळ बरोबर.

चौथ्या रकान्यात मी नुसतं ‘डिफॉल्ट्स’, म्हणजे नेहमीचे पर्याय, लिहिलं होतं आणि दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी संगणक दीड मिनिट अडून राहिला आणि काळ्या पडद्यावर ‘इमर्जन्सी मोड’ अशी अक्षरं आली. समुद्राच्या खाऱ्या हवेने डिस्कच्या केबलचे संपर्क काळे पडले होते, म्हणून डिस्क सापडत नव्हती. सिस्टीमने तिची ९० सेकंद वाट पाहिली आणि पुढे जायचं नाकारलं. नॅनो या टर्मिनलमधल्या साध्या एडिटरात एफएसटॅब उघडून त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) टाकून ती निष्क्रिय केली, तेव्हा संगणक सुरू झाला. लिनक्सच्या काही आवृत्त्यांत रूट, म्हणजे सर्वाधिकारी, खातं बंद असल्याने तिथे शिरताही येत नाही. त्यासाठी एक लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरूनच लिनक्स सुरू होतं असा, तयार ठेवा. त्या दिवशी मी पर्यायांत ‘नोफेल’ जोडलं: डिस्क नसली तरी सिस्टीमने सुरू व्हावं.

खरा घोळ इथून पुढे आहे, आणि नवीन माणसाला तो कुणी सांगत नाही. एप्रिलात एकदा वीज जाऊन आली. संगणक नीट सुरू झाला. ‘काम’ फोल्डर उघडला तर रिकामा. दुकानाच्या मालकांचा, काकांचा, जीव खालीवर झाला. “गो, लेबलां खय गेली सगळी?” डिस्क पुन्हा सापडली नव्हती, पण नोफेलमुळे कुठेही तक्रार दिसली नाही. गिऱ्हाईक दारात होतं, म्हणून मी त्याच फोल्डरात नवीन लेबलं करून ठेवली. दुसऱ्या दिवशी केबल साफ केली, डिस्क आली, जुनं सगळं परत दिसलं. कालची नवीन लेबलं मात्र नाहीशी!

ती हरवली नव्हती. डिस्क नसते तेव्हा ‘काम’ हा एसएसडीवरचा एक साधा फोल्डर असतो, त्यात लिहिलेलं एसएसडीवर जातं. डिस्क जोडली की ती त्या फोल्डरावर चादरीसारखी पसरते आणि खालचं झाकलं जातं. ‘सुडो यूमाउंट’ देऊन डिस्क बाजूला केली आणि सगळी लेबलं जशीच्या तशी सापडली. बॅकअपची स्क्रिप्ट अशी डिस्क नसताना चालली तर छोटी एसएसडी भरून सिस्टीमच अडकेल.

उपाय एका ओळीचा आहे. डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरावर ‘सुडो सीएचएटीटीआर +आय’ चालवायचं. मग त्यात रूटलाही काही लिहिता येत नाही. डिस्क जोडली की तिच्यावर या बंदीचा काही परिणाम नसतो. मी त्याआधी त्या फोल्डरात एक रिकामी फाइल करून ठेवली, ‘डिस्क जोडलेली नाही’ या नावाची. मग संगणक बंद करून केबल मुद्दाम काढली आणि सुरू करून पाहिलं. ही शेवटची चाचणी कुणी करत नाही, पण ‘माउंट -ए’ फक्त डिस्क हजर असतानाचं सांगतं.

मी आता रत्नागिरीत काम करते. गेल्या पावसाळ्यात दुकानातल्या नवीन मुलाचा फोन आला, “ताई, फोल्डरात एकच फाइल दिसते, डिस्क जोडलेली नाही म्हणते. आणि काही सेव्हच होत नाय.” म्हटलं, संगणक बंद कर, झाकण उघड, केबल काढून पुसून परत लाव. दहा मिनिटांत त्याचा मेसेज आला, लेबलं दिसली.